फलकावर वडा आहे. कढई कुठे आहे?

मलिहाबादच्या बाजारात सध्या दशहरीचा हंगाम आवरता आला आहे आणि चौसा उतरू लागला आहे. लखनौपासून हरदोई रस्त्याने पंचवीसेक किलोमीटर गेले की हे गाव लागते. तिथल्या एका टपरीसमोर मी उभा होतो. समोशांचा घाणा नुकताच निघाला होता आणि त्याच वेळी हातातल्या फोनवर बातमी झळकली : समोसा, जिलेबी आणि वडापाव यांच्यावर आता सिगारेटसारखे इशारे येणार. दुसऱ्या दिवशी पत्र सूचना कार्यालयाचा खुलासा आला की, विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारे छापण्याचा असा कोणताही आदेश नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जूनमध्ये दिलेली सूचना कार्यालयांतील उपाहारगृहे, सभागृहे, व्हरांडे यांत तेल व साखर यांचे प्रमाण दाखवणारे फलक लावण्यापुरती आहे, आणि ती केवळ भारतीय पदार्थांविरुद्ध नाही. एम्स नागपूरचे नाव या गदारोळात आल्याने महाराष्ट्रात तो अधिकच रंगला.

खुलाशाने बातमी निवली, वाद मात्र निवला नाही. गेले काही दिवस तो तीन तोंडांनी चालला आहे, आणि या तिन्ही पक्षांनी एकच चूक केली आहे असे माझे मत आहे.

पहिला पक्ष अभिमान्यांचा. 'आमच्या वड्यावर फलक, मग इटलीच्या अरांचिनीवर का नाही?' हा त्यांचा सवाल. दुसरा पक्ष उपदेशकांचा : तळलेले ते तळलेले, सारे सारखेच वाईट. तिसरा पक्ष सर्वांत नवा आणि सर्वांत आत्मविश्वासू. एका मित्राने मोठ्या शहरातील कुठल्याशा उपाहारगृहाच्या मेन्यूचे छायाचित्र मला पाठवले. त्यावर याच अरांचिनीपुढे लिहिले होते की, भात रात्रभर गार करून वापरल्यामुळे त्यात 'रेझिस्टंट स्टार्च' भरपूर असून तो आतड्यांना हितकर आहे. किंमत अर्थातच मलिहाबादच्या चाळीस समोशांएवढी.

अरांचिनी म्हणजे काय, हे आधी सांगतो, कारण पुढचा सगळा युक्तिवाद तिच्या देहावर रचायचा आहे. सिसिली बेटावरचा हा पदार्थ. केशर घालून शिजवलेला चिकट भात गार करायचा, त्याच्या पारीत मांसाचा रस्सा आणि मटार, किंवा चीज, असे सारण भरायचे, गोळा पावाच्या चुऱ्यात घोळवायचा आणि तेलात तळायचा. आकार आणि रंग यांवरून नाव पडले : 'छोटे संत्रे'. (नागपूरच्या वादात संत्र्याने असा मागच्या दाराने प्रवेश करावा, हा योगायोग मला आवडला.) पालेर्मोत हा शब्द स्त्रीलिंगी आणि गोळा गोल, कातानियात शब्द पुल्लिंगी आणि आकार बहुधा शंकूसारखा. या लिंगभेदावरून तिथे होणारी भांडणे आपल्या मिसळीच्या भांडणांना लाजवतील अशी आहेत. आपल्या घरात या पदार्थाची सख्खी बहीण आहेच. रात्रीचा उरलेला भात, बेसन, कांदा, मिरची, कोथिंबीर यांचे सकाळी केलेले भाताचे वडे. त्यांच्यासाठी अद्याप कोणी मेन्यू छापलेला नाही.

आता चूक कोणती? तिन्ही पक्ष असे गृहीत धरतात की पोषण हा पदार्थाच्या नावाचा गुणधर्म आहे. वडा म्हटले की इतक्या किलोकॅलरी, अरांचिनी म्हटले की तितक्या. भौतिकशास्त्रात काही राशी केवळ प्रणालीच्या सद्यःस्थितीवर ठरतात आणि काही तिथवर येण्याच्या मार्गावर. तळलेल्या पदार्थातील तेल हे दुसऱ्या प्रकारचे आहे. तो कोणत्या तेलात, किती वेळ, कोणत्या आकारात तळला आणि बाहेर काढल्यावर त्याचे काय केले, हे कळल्याशिवाय त्याच्यापुढे लिहिलेला आकडा हा फार तर एक सरासरी असतो, आणि ती सरासरी कशाची, हे फलक सांगत नाही.

तेल आत शिरते केव्हा, इथपासून पाहू. बहुतेकांची समजूत अशी की गोळा तेलात बुडाला की स्पंजासारखा ते पिऊ लागतो. तसे घडत नाही. १७०-१८० अंश सेल्सिअसच्या तेलात गोळा पडताच पृष्ठभागाजवळचे पाणी उकळते आणि वाफ होऊन बाहेर धावते. ते तडतडणारे बुडबुडे म्हणजे आतून बाहेर येणारी वाफ. जोवर ती जोराने निघते आहे तोवर तेलाला आत जायला वाट नसते. गोळ्याच्या आत पाणी असेपर्यंत तिथले तापमान १०० अंशांच्या आसपासच राहते. करकरीत होतो तो बाहेरचा पातळ थर. खरा प्रवेश होतो तो झाऱ्याने गोळा बाहेर काढल्यावर. थंड होताना छिद्रांतील वाफ पुन्हा पाणी होते, आतला दाब घटतो, आणि पृष्ठभागावर चिकटून आलेले तेल आत ओढले जाते. १९९०च्या दशकात मक्याच्या तळलेल्या चिप्सवर झालेल्या मोजणीत आढळले की, अंतिम तेलापैकी जेमतेम २० टक्के तळताना आत गेले होते, तर ६४ टक्के नंतर थंड होताना. बटाट्याच्या चकत्यांवरही असा प्रयोग झाला आहे : तळण संपता संपता कढईत रंगीत तेल मिसळायचे आणि रंग किती आत जातो ते पाहायचे. निष्कर्ष त्याच दिशेचा.

म्हणजे पदार्थातील तेलाचा मोठा भाग पहिल्या अर्ध्या-एका मिनिटात, कढईच्या बाहेर ठरतो. झारा दोनदा झटकला का, गोळे निथळायला ठेवले का, की तसेच एकावर एक वर्तमानपत्रात गुंडाळले? (वर्तमानपत्राची शाई तेलाबरोबर अन्नात उतरते, म्हणून अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने त्याविरुद्ध वारंवार बजावले आहे. तरी कागद जागचा हललेला नाही.) आजी झारा कढईच्या काठावर टेकवून थांबायची, ती या अर्थाने आहारतज्ज्ञच होती. फलकावर त्या थांबण्यासाठी रकाना नाही.

दुसरी गोष्ट आकाराची, आणि इथे उपदेशकांचे 'सारे सारखेच' कोसळते. ठरावीक आकारमानासाठी सर्वांत कमी पृष्ठफळ गोलाचे. साडेतीन सेंटिमीटर त्रिज्येची एक मोठी अरांचिनी घ्या. आकारमान सुमारे १८० घन सेंटिमीटर, पृष्ठफळ सुमारे १५४ चौरस सेंटिमीटर. त्याच ऐवजाचे निम्म्या त्रिज्येचे आठ गोळे केले तर आकारमान तेच, पृष्ठफळ दुप्पट. पृष्ठभागावर ०.२ मिलिमीटर जाडीचा तेलाचा थर चिकटून आला असे धरले, तर मोठ्या गोळ्यावर सुमारे २.८ ग्रॅम तेल, म्हणजे २५ किलोकॅलरी. आठ लहान गोळ्यांवर ५०. चुऱ्याचे वेष्टन सच्छिद्र असल्याने प्रत्यक्षात हे आकडे दोन्हीकडे वाढतील, पण गुणोत्तर राहील. शेव, चिप्स, चकली यांच्यात पृष्ठभागच पृष्ठभाग असतो. बटाट्याच्या चिप्समध्ये वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे तेल असते ते म्हणूनच. गोल आणि गलेलठ्ठ वडा त्यामानाने बराच सज्जन. तेव्हा अभिमान्यांनी आनंद मानावा. पण मग अरांचिनीही तितकीच सज्जन आहे, हेही मान्य करावे. भूमितीला नागरिकत्व नसते.

आता तिसऱ्या पक्षाकडे वळतो. त्यांच्याकडे अर्धे सत्य आहे, आणि म्हणूनच ते मला अधिक त्रास देतात.

भात शिजताना स्टार्चचे दाणे फुगून विस्कटतात. गार होताना त्यातील काही साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगून घट्ट होतात आणि लहान आतड्यातील विकरांना दाद देत नाहीत. हे खरे आहे. प्रश्न प्रमाणाचा आहे. इंडोनेशियात झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ताज्या पांढऱ्या भातात १०० ग्रॅममागे ०.६४ ग्रॅम प्रतिरोधी स्टार्च आढळला. तोच भात २४ तास ४ अंशांना ठेवून पुन्हा गरम केल्यावर १.६५ ग्रॅम. वाढ अडीचपट, हे शीर्षकात छान दिसते. प्रत्यक्षात ती एका ग्रॅमची आहे. हा एक ग्रॅम मुळीच पचला नाही असे धरले तरी सुमारे चार किलोकॅलरी वाचतात. वर केलेल्या हिशेबात झारा एकदा न झटकल्याने याहून कितीतरी अधिक आत येतात. त्याच २०१५ सालच्या मार्चमध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बैठकीत कोलंबोच्या संशोधकांनी भातात खोबरेल घालून तो बारा तास गार करण्याची कृती मांडली. तिच्यातून उष्मांक निम्म्याहून कमी होऊ शकतील असे भाकीत जगभर मथळ्यांत गेले. आज दहा वर्षांनीही ते भाकीत सिद्ध निष्कर्षाच्या थाटात फिरते. शिवाय रिझोट्टोच्या आर्बोरियोसारख्या चिकट तांदळात अमायलोज कमी, आणि गार झाल्यावर घट्ट बिलगतात त्या मुख्यतः अमायलोजच्या साखळ्या. ज्या भाताला हे श्रेय दिले जाते आहे, तो त्यासाठी फारसा लायकही नाही.

एवढ्यावर मी हसून सोडून दिले असते. पण या टुमीला एक धोकादायक बाजू आहे. 'भात रात्रभर बाहेर राहू द्या' असा सल्ला मी अलीकडे शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकतो. तांदळात 'बॅसिलस सेरियस' या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवण्यातून वाचतात. उबदार हवेत भात पडून राहिला की ते जागे होतात, वाढतात, आणि त्यांतील काही वाण सेरेउलाइड नावाचे विष बनवतात. जिवाणू उष्णतेने मरतो. हे विष १२१ अंशांवर दीड तास ठेवले तरी टिकते. आणि तळताना गोळ्याच्या आतले तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, हे आपण पाहिलेच. 'तळले की सगळे मरते' ही आपल्या स्वयंपाकघरातील सर्वांत लाडकी समजूत इथे उताणी पडते. जुलैतली मलिहाबादची दमट रात्र, त्यात दोन-तीन तास गेलेली वीज आणि झाकण लावलेले भाताचे पातेले : याहून उत्तम संवर्धनपात्र प्रयोगशाळेतही सापडणार नाही. भाताचे वडे जरूर करावेत. पण भात पसरट ताटात लवकर निववून फ्रीजमध्ये जावा. कारण सुरक्षिततेचे आहे, स्टार्चचे नव्हे.

आता कढईकडे. माझा मुख्य राग इथे आहे.

त्या टपरीवाल्या भय्यांना मी विचारले की, तेल कधी बदलता? त्यांनी माझ्याकडे किंचित दयेने पाहिले. 'बदलना क्या, कम होता है तो ऊपर से डाल देते हैं।' प्रामाणिक उत्तर आहे, आणि देशभरातील हजारो कढयांचे तेच उत्तर आहे. त्याचे गणित करून पाहा. रोज कढईतील एक चतुर्थांश तेल पदार्थांबरोबर जाते आणि तेवढेच नवे ओतले जाते असे समजा. दहा दिवसांनंतरही पहिल्या दिवशीच्या तेलाचा साधारण अठरावा भाग कढईत शिल्लक असतो. कढई कधीच रिकामी न केल्यास त्या तेलाचे वय शून्यावर येतच नाही.

जुने तेल म्हणजे काळसर तेल, एवढेच आपण पाहतो. उष्णता, हवा आणि अन्नातले पाणी यांच्यामुळे तेलाचे रेणू तुटतात, ऑक्सिजन घेतात, एकमेकांना जोडले जातात. या साऱ्या उत्पादनांची एकत्रित मोजणी 'एकूण ध्रुवीय संयुगे' म्हणून होते. आपल्या नियमांत त्यांची मर्यादा २५ टक्के आहे, १ जुलै २०१८ पासून. त्यापुढे ते तेल खाद्य राहत नाही. आणि इथे विषाचा प्रश्न फलकावरच्या आकड्यांत येऊन मिसळतो. १९९१ साली मायकेल ब्लुमेन्थल यांनी दाखवून दिले की, तेल जुने होत जाते तसे त्यात साबणासारखे वागणारे पदार्थ साठतात. तेल आणि ओले अन्न यांच्यातील दुरावा ते कमी करतात. जोडलेल्या रेणूंमुळे तेल दाटही होते. दाट तेल कमी निथळते आणि जाड थर होऊन चिकटते. मग थंड होताना आत ओढले जाते ते अधिक, आणि जुने. सोमवारी नव्या तेलात काढलेला वडा आणि शनिवारी त्याच कढईतून निघालेला वडा यांचे नाव एक, वजन एक, फलकावरचा आकडा एक. पोषण एक नाही.

कायद्याने हे ओळखले आहे, पण हात पोचला आहे तो मोठ्यांपर्यंत. दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्यांनी नोंदी ठेवायच्या आणि वापरलेले तेल अधिकृत संकलकाकडे द्यायचे, असा नियम आहे. त्या तेलाचे बायोडिझेल व्हावे म्हणून २०१८ मध्ये 'रुको' हा उपक्रमही सुरू झाला. मलिहाबादची टपरी दिवसाला ५० लिटर पाहतच नाही. उलट मोठ्यांकडचे टाकाऊ तेल स्वस्तात लहान विक्रेत्यांकडे पोचते, ही 'रुको'मागची मूळ चिंताच होती. म्हणजे ज्या कढईत तेल सर्वांत जुने असण्याची शक्यता अधिक, तिथे ना नोंद, ना मोजणी, ना फलक. आणि तिच्यावर दिवसभर वाकून उभा असणारा माणूस जो धूर श्वासात घेतो, तो आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 'बहुधा कर्ककारक' या गटात ठेवला आहे. खाणाऱ्याची एवढी चर्चा झाली. तळणाऱ्याचा उल्लेख मला एकाही बातमीत दिसला नाही.

फलकांना माझा विरोध नाही. कार्यालयात बसून काम करणाऱ्यांसाठी ते योग्यच आहेत. 'लॅन्सेट'मधील २०२५ सालच्या अंदाजानुसार २०५०पर्यंत भारतात सुमारे ४५ कोटी प्रौढांचे वजन प्रमाणाबाहेर असेल, आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २००० किलोकॅलरींच्या थाळीत तेलतुपाला दिवसभरासाठी २७ ग्रॅमच जागा आहे. पण त्याच संस्थेच्या २०२०च्या तक्त्यात बैठे काम करणाऱ्या पुरुषाची दैनिक गरज २११० किलोकॅलरी, तर कष्टाचे काम करणाऱ्याची ३४७० आहे. टपरीवर माझ्या शेजारी उभे असलेले दोघे पहाटेपासून बागेत आंबे उतरवून आले होते. त्यांच्यासाठी दहा रुपयांचा समोसा हे स्वस्त इंधन होते. त्यांना कॅलरींची ताकीद देणे हास्यास्पद आहे. त्यांना शुद्ध तेलाचा हक्क आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

धोरणाची गंमत पाहा. फेब्रुवारीत पंतप्रधानांनी 'मन की बात'मधून तेल १० टक्के कमी वापरण्याचे आवाहन केले. मेच्या अखेरीस कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. अनेकांनी या विसंगतीवर विनोद केले. मला ते पटले नाहीत. टपरीवाला तेल फेकत नाही ते महाग म्हणून. ताजे तेल स्वस्त झाले तर जुने लवकर फेकले जाण्याची शक्यता वाढते. मात्र फेकायचे कोणाकडे, आणि त्याचे त्याला चार पैसे मिळणार का, हे ठरल्याशिवाय ती शक्यता कागदावरच राहील.

मोजणे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. टपरीपासून तासाभराच्या अंतरावर लखनौमध्ये भारतीय विषविज्ञान अनुसंधान संस्थान आहे, १९६५ पासून. मोहरीच्या तेलात मिसळला जाणारा 'बटर यलो' हा निषिद्ध रंग ओळखणारी साधी कागदी पट्टी याच संस्थेने तयार केली. १९९८ मध्ये दिल्लीत पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळल्याने साठहून अधिक माणसे दगावली, तेव्हा दोष कोणत्या पदार्थात आहे असे कोणी विचारले नव्हते. सगळ्यांनी तेल तपासले. ध्रुवीय संयुगे मोजणारी हातातली उपकरणे आणि पट्ट्याही बाजारात आहेत. मोठ्या साखळी उपाहारगृहांत त्या रोज वापरल्या जातात. टपरीवाल्याने त्या स्वतःच्या खिशातून घ्याव्यात अशी अपेक्षा मी करणार नाही. नगरपंचायतीने आठवड्याला एक फेरी मारावी, पट्टी बुडवावी, रंग बदलला असेल तर जुने तेल योग्य दराने उचलावे. फलक रंगवण्यापेक्षा यात खर्च अधिक आहे, हे मान्य.

आता एक काम, विशेषतः विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत शिकणाऱ्या वाचकांसाठी. तुमच्या कॅन्टीनमध्ये लवकरच तेलाचा फलक लागेल, कदाचित लागलाही असेल. रसायन विभागाकडून उपकरण किंवा पट्ट्या मागून घ्या. कॅन्टीनचालकाला आधी विश्वासात घ्या, त्याला गुन्हेगार ठरवू नका. सलग सहा दिवस, सकाळच्या पहिल्या घाण्याआधी आणि संध्याकाळच्या शेवटच्या घाण्यानंतर, कढईतील तेल ४० अंशांच्या वर असताना मोजा. त्याच वेळी एक वडा वजन करून तळा, निथळवून आणि न निथळवता. आलेले आकडे कॅन्टीनचे नाव न घेता इथे प्रतिक्रियांत लिहा. दोन आठवड्यांनी मी ते सर्व एका आलेखावर मांडीन.